कोड चालला, पण विश्लेषण चुकलं: मार्क नेमके कशाचे?

"सर, नोटबुकमध्ये एकही एरर नाही. मग सहा मार्क कुठे गेले?" डेटा अ‍ॅनालिसिसच्या प्रेझेंटेशननंतर एका विद्यार्थ्याने मला हे विचारलं. नोटबुक म्हणजे कोड आणि त्याचं उत्तर एकाखाली एक दिसणारी फाइल. त्याने रात्र जागवली होती, त्यामुळे त्याला नीट उत्तर देणं माझं कामच होतं. घोटाळा असा की कोड बरोबर असणं आणि विश्लेषण बरोबर असणं या दोन गोष्टी तो एकच धरून चालला होता. आम्ही तपासताना त्यांना वेगवेगळे मार्क देतो.

कोडचं तपासणं सोपं. कर्नल, म्हणजे नोटबुकमागे कोड चालवणारा प्रोग्रॅम, रीस्टार्ट करायचा आणि सगळे सेल, म्हणजे कोडचे तुकडे, वरून खाली चालवायचे. मध्येच अडकलं, फाइलचा पाथ फक्त स्वतःच्या लॅपटॉपवर चालणारा निघाला किंवा एकच हिशेब चार ठिकाणी कॉपी-पेस्ट केलेला दिसला की मार्क कापले जातात. यावर फारसा वाद होत नाही. या मुलाला इथे पूर्ण मार्क होते.

आता त्याचं विश्लेषण. कॅगल या डेटासेटच्या वेबसाइटवरची टायटॅनिकच्या प्रवाशांची फाइल डेटा शिकणाऱ्या बहुतेकांच्या हाताखालून जाते. तिच्या ट्रेनिंगच्या (मॉडेलला शिकवण्यासाठीच्या) भागात ८९१ प्रवासी आहेत आणि त्यांतले ३४२ वाचले, म्हणजे साधारण ३८ टक्के. त्याने सुरुवातीलाच पांडाज या पायथॉनमधल्या डेटा हाताळायच्या लायब्ररीची ड्रॉपएनए ही आज्ञा वापरली. ज्या ओळीतला एखादा जरी रकाना रिकामा असेल ती अख्खी ओळ या आज्ञेने उडते. कोड बिनतक्रार चालला, साधी वॉर्निंगही आली नाही, आणि वाचलेल्यांचं प्रमाण आलं ६७ टक्के.

हे कसं झालं? केबिनचा रकाना ६८७ जणांचा रिकामा आहे, वयाचा १७७ जणांचा. त्यामुळे ८९१ पैकी जेमतेम १८३ ओळी उरल्या. केबिनची नोंद आहे ती मुख्यतः पहिल्या वर्गातल्या प्रवाशांची, म्हणून त्या १८३ मध्ये १५८ जण पहिल्या वर्गातलेच होते. वाचण्याचं प्रमाणही त्याच वर्गात सर्वांत जास्त. म्हणजे रिकामे रकाने काढताना त्याने नकळत तिसरा वर्ग जवळजवळ पुसूनच टाकला. स्लाइडवर मात्र ठळक अक्षरांत होतं, 'टायटॅनिकवरचे दोन तृतीयांश प्रवासी वाचले'. १९१२ साली त्या जहाजावर सुमारे २,२०० माणसं होती आणि त्यांतली सुमारे १,५०० मेली. एवढं आठवलं असतं तरी तो आकडा डोळ्यांना खटकला असता.

"साफसफाईनंतर किती ओळी उरल्या?" असं मी विचारलं. त्याच्याकडे उत्तर नव्हतं. माझ्या मते प्रेझेंटेशनमधला हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर पहिल्या-दुसऱ्या स्लाइडवरच असायला हवं.

त्याच दिवशी एका मुलीने नेमकं उलटं काम आणलं होतं. व्हेरिएबलची नावं ए, बी, सी, फंक्शन एकही नाही. कोडचे मार्क कमी झालेच. पण तिने स्पष्ट लिहिलं होतं: केबिनचा रकाना वगळला, कारण तीन चतुर्थांशांहून जास्त रिकामा आहे; वय नसलेले प्रवासी फक्त वयाच्या चार्टमधून बाहेर ठेवले. स्त्रियांमध्ये वाचलेल्या ७४ टक्के आणि पुरुषांमध्ये १९ टक्के, इथपर्यंत बहुतेक सगळे पोहोचतात. ती पुढे गेली आणि वर्ग वेगळे केले. पहिल्या वर्गातल्या ९४ स्त्रियांपैकी ९१ वाचल्या, तिसऱ्या वर्गातल्या १४४ पैकी ७२. 'स्त्रिया वाचल्या' हे वाक्य किती अपुरं आहे, ते तिने दोन आकड्यांत दाखवलं. विश्लेषणाचे जवळपास सगळे मार्क तिला मिळाले, आणि ते देताना मला फार आनंद झाला.

निष्कर्षाची भाषाही इथेच तपासली जाते. 'जास्त भाडं भरल्यामुळे वाचले' आणि 'जास्त भाडं भरलेल्यांमध्ये वाचलेल्यांचं प्रमाण जास्त' ही दोन वेगळी विधानं आहेत. 'मध्ये' म्हणायला आपल्याकडे तक्ता असतो. 'मुळे' म्हणायचं तर वर्ग, वय, स्त्री-पुरुष हे सगळं लक्षात घेऊनही तो फरक टिकतो का, हे दाखवावं लागतं, आणि त्यानंतरही जपूनच बोलावं लागतं. कोडला हा फरक कळत नाही, त्याच्या लेखी दोन्ही वाक्यांमागचा आकडा एकच.

बोलण्याच्या सफाईला थोडे मार्क असतात. अडखळलात तरी बिघडत नाही.

त्या मुलाला मी गुणपत्रक उघडून दाखवलं. सहापैकी पाच मार्क त्या १८३ ओळींवर गेले होते आणि एक शेवटच्या स्लाइडवरच्या 'मुळे'वर. त्याने तिथेच लॅपटॉप उघडला, ड्रॉपएनएची ओळ काढली आणि उरलेल्या ओळी मोजल्या.