मुंजाला हिट पॉइंट किती?

ठाण्याच्या नौपाड्यात आमच्या घरी रविवारी दुपारी डन्जन्स अँड ड्रॅगन्सचा डाव रंगतो: एकाने गोष्ट रचायची, बाकीच्यांनी त्यातली पात्रं होऊन फासे टाकत ती खेळायची. गेल्या पावसाळ्यात डाव चालवायची पाळी भाच्याची होती. त्याने येऊरच्या जंगलातली मोहीम रचली, वाटेतल्या पिंपळावर मुंजा बसवला आणि वहीत त्याच्या नावापुढे लिहिलं: हिट पॉइंट ४५, म्हणजे किती मार बसला की तो मरतो तो आकडा. आई चहा घेऊन आली, तिने ते वाचलं आणि म्हणाली, "अरे, मुंजाला मारतात का कधी? मुंज झाली आणि सोडमुंजीआधीच गेलेलं पोर ते. त्याच्यासाठी पारावर दिवा लावायचा."

लोककथेतलं भूत खेळात येताना नेमकं काय हरवतं, ते आईने एका वाक्यात सांगितलं. मुंजा, हडळ, गिऱ्हा, चकवा यांच्याबद्दल गावातला माणूस आधी विचारतो ते "याला हवंय काय?" हडळ म्हणजे बाळंतपणात गेलेली बाई. खवीस, समंध, जखीण, प्रत्येकाच्या मागे एक अर्धवट राहिलेलं आयुष्य असतं. कोकणात तर देवचाराला राखणदार मानून त्याची राखण देतात. वेताळ भुतांचा राजा, रात्री त्याची पालखी मशालींच्या उजेडात निघते, आणि कितीतरी गावांत शेंदूर फासलेल्या दगडाच्या रूपात तोच ग्रामदेवही असतो. त्याच्याशी गावाचा व्यवहार ठरलेला असतो.

खेळात विचारतात, "हा मरतो कसा?" यात दुष्टावा नाही, त्याचं कारण खेळाच्या जन्मात आहे. डन्जन्स अँड ड्रॅगन्स १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी आणला तो युद्धखेळांतून. त्याआधी १९७१ मध्ये गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांनी छोट्या शिशाच्या सैनिकांनी मध्ययुगीन लढाया खेळायचे नियम छापले होते. त्यांना जोडलेल्या पुरवणीत ड्रॅगन, ट्रोल, चेटके आले. सैनिकाला जसा मारा आणि बचाव, तसा ट्रोललाही हवा. पटावर उभं राहायचं तर अंगावर आकडे लागणारच.

आपल्या राक्षसाचं काय झालं ते मला सगळ्यात बोलकं वाटतं. रामायण-महाभारतातल्या राक्षसाला घर असतं, आईबाप असतात, तप असतं, मिळालेला वर असतो. बिभीषण राक्षसच, हिडिंबा राक्षसीच. १९७४ च्या डिसेंबरात एका अमेरिकन भयमालिकेत राक्षस आला: ज्याच्यावर आपला विश्वास, त्याच्याच रूपात समोर येणारा, आणि मंतरलेल्या बाणाने मरणारा. वर्षभरात, डिसेंबर १९७५ मध्ये, तो खेळाच्या छोट्या नियतकालिकात उतरला, बाणासकट. खेळातल्या भुताखेतांची आकड्यांसकट यादी देणाऱ्या १९७७ च्या राक्षससूचीत डेव्हिड ट्रॅम्पियरने त्याचं चित्र काढलं: वाघाचं डोकं, अंगात उंची घरगुती कोट, हातात पाइप. तेव्हापासून जगभरच्या खेळाडूंसाठी राक्षस म्हणजे वाघतोंड्या. २०१४ च्या आवृत्तीत त्याला ११० हिट पॉइंट आहेत. चित्र अप्रतिमच आहे, पण बिभीषणाची जात ती ही नव्हे.

असंच इतरांचंही. जर्मन खाणकामगारांचा खोडकर कोबोल्ड, ज्याच्यावरून कोबाल्ट धातूचं नाव पडलं, तो खेळात खवलेवाला छोटा लुटारू झाला. फ्रान्समधल्या तारास्कोन गावाच्या आख्यायिकेत संत मार्था तारास्कला माणसाळवून गावात आणते, आणि मग भेदरलेले लोक त्याला मारून टाकतात. १९८३ साली खेळात आलेला तारास्क जवळपास अजिंक्य आहे. त्याला शांत करणारी बाई मात्र गोष्टीतून गेली.

भुताला त्याच्या गोष्टीतून असं सोडवून घेणं मात्र खेळाच्या कितीतरी आधी सुरू झालं होतं, आणि त्याचा एक धागा ठाण्यापर्यंत येतो. जॅक्सन या ब्रिटिश अधिकाऱ्याने लोकसमजुतींबद्दल प्रश्नावली फिरवून उत्तरं गोळा केली होती. ठाणे जिल्ह्यातल्या शाळामास्तरांनीही ती लिहून धाडली. तो नाशिकचा कलेक्टर असताना २१ डिसेंबर १९०९ ला अनंत कान्हेऱ्यांनी त्याला नाटकगृहात गोळ्या घातल्या. १९ एप्रिल १९१० ला कान्हेरे ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेले. जॅक्सनची टिपणं एन्थोव्हेन या दुसऱ्या ब्रिटिश अधिकाऱ्याने संपादित केली. कोकणचा भाग १९१५ साली छापून आला. त्यात वेताळ, खवीस, गिऱ्हा, मुंजा ओळीने भेटतात: नाव, कोण मेल्यावर होतो, राहतो कुठे, उपाय काय. राक्षससूचीचा साचा इथे निम्मा तयार दिसतो. फरक एकच, मास्तरांनी उपाय लिहिला होता. त्या जागी नंतर आकडा आला.

भाच्याने ४५ खोडलं नाही. शेजारी नवा रकाना आखला आणि वर लिहिलं "हवंय काय", मग आजीला विचारून भरला. पुढच्या रविवारी आमच्या टोळीतल्या पुजाऱ्याने पिंपळाखाली सोडमुंज मांडली. वीस बाजूंच्या फाशावर दान पडलं तीन. मुंजा अजून पिंपळावरच आहे, येत्या रविवारी पुन्हा मांडणार आहोत.