वर आहे आणि दाबतोय

इंग्रजीत ‘सुपरइन्कम्बन्ट’ असं एक विशेषण आहे. आज ते क्वचितच दिसतं, पण एकोणिसाव्या शतकातलं भूविज्ञान वाचायला घेतलं की पुन्हा पुन्हा भेटतं. खडकाचे थर, समुद्राचं पाणी, खाणीच्या छतावरचा खडक, सगळ्यांना ते लावलेलं असतं. मूळ लॅटिन: ‘सुपर’ म्हणजे वर आणि ‘इन्कम्बेरे’ म्हणजे अंगावर रेलणं. पदावर असलेल्या माणसाला इंग्रजीत ‘इन्कम्बन्ट’ म्हणतात, तो शब्दही याच घरातला.

आता त्याच्या जागी बहुधा ‘ओव्हरलाइंग’ वापरतात. मला यात नुकसान दिसतं. ‘ओव्हरलाइंग’ फक्त जागा सांगतो. जुना शब्द जागेबरोबर दाबही सांगायचा; मराठीत ‘उरावर बसलेला’ म्हटल्यावर कळतं तसं.

आणि भूविज्ञानात खरी करामत त्या दाबाचीच. खडक पाण्याच्या साधारण २.७ पट जड, म्हणजे दर किलोमीटर खोलीला सुमारे २६० वातावरणांइतका (एक वातावरण म्हणजे समुद्रसपाटीवरचा हवेचा दाब) दाब वाढतो.

स्कॉटलंडचे भूवैज्ञानिक जेम्स हटन यांचं म्हणणं होतं की पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेनं खडक घडतात. त्यावर आक्षेप आला: चुनखडी तापवली तर तिच्यातला वायू निघून जातो आणि उरतो भुगा होणारा चुना, मग संगमरवर कसा बनेल? हटन यांचं उत्तर या विशेषणातच होतं. वरचा भार वायूला निसटूच देत नाही. त्यांचे मित्र जेम्स हॉल यांनी हे करून पाहिलं, पण हटन १७९७ साली वारल्यानंतर. खडूची, म्हणजे मऊ चुनखडीची, पूड बंदुकीच्या नळीत कोंबून, तोंड बंद करून त्यांनी ती भट्टीत तापवली. कितीतरी नळ्या फुटल्या. ज्या टिकल्या, त्यांतल्या काहींत संगमरवरासारखा स्फटिकमय दगड मिळाला. १८०५ साली हॉल यांनी हे निष्कर्ष एडिनबरोत मांडले. त्या नळ्यांमागची चिकाटी मला फार मोलाची वाटते.

भार उतरतो तेव्हाही खडक गप्प बसत नाही. खोलवर घट्ट झालेला ग्रॅनाइट वरचे थर झिजून गेल्यावर फुलतो आणि कांद्याच्या पापुद्र्यांसारखा सुटतो. स्कँडिनेव्हियावरचा हिमयुगातला बर्फ वितळून सुमारे दहा हजार वर्षं झाली, तरी त्याच्याखाली दबलेली जमीन अजून उठतेच आहे. स्वीडन आणि फिनलंडमधल्या बोथनियाच्या आखाताच्या काठी काही ठिकाणी हा वेग वर्षाला जवळजवळ एक सेंटिमीटर आहे.