खुब्याला जमीन लागू देऊ नका

‘कडक जमिनीवर झोपलं की पाठ सरळ राहते,’ असं आजोबांपासून जिमच्या ट्रेनरपर्यंत सगळेच छातीठोकपणे सांगतात. उताणं झोपणाऱ्यांचं सोडा. कुशीवर झोपणाऱ्याला हा सल्ला देणाऱ्याने डिसेंबरात तोरणमाळला एक रात्र तंबूत, नुसत्या सतरंजीवर काढून बघावी. पहाटे खुबा ठणकत असतो आणि खालच्या हाताला मुंग्या आलेल्या असतात. जळगाव-धुळ्याकडची ट्रेकर पोरं हल्ली ऑनलाइन हवेचा स्लीपिंग पॅड मागवतात, तो टम्म फुगवतात आणि तरीही सकाळी खुबा चोळत बसतात. मग शिव्या पॅडला. बहुतेक वेळा हवाच जास्त झालेली असते.

दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ, हे शाळेत घोकलेलं आठवा. उताणं पडलं की वजन पाठ, नितंब, पोटऱ्या असं पसरतं. कुशीवर मात्र खांदा आणि खुबा या दोघांनाच बराचसा भार उचलावा लागतो, आणि खुब्याच्या हाडावर मांसाचा थर पातळ. समजा, १५ किलोचा भार १०० चौरस सेंटिमीटरवर, म्हणजे जेमतेम तळहाताएवढ्या जागेवर आला. दाब झाला सुमारे १५,००० पास्कल; ब्लडप्रेशरच्या भाषेत ११० मिलिमीटर पारा. त्वचेतल्या केशवाहिन्यांमधला दाब असतो ३० च्या आसपास. हिशेब ढोबळ आहे, पण केशवाहिन्या दबतात, तिथला रक्तपुरवठा तुटतो आणि झोपेतच मेंदू आपल्याला कूस बदलायला लावतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला ते जमत नाही, म्हणूनच त्याला दर दोन तासांनी वळवतात, नाहीतर शय्याव्रण होतात.

आता पॅडच्या आत काय चालतं ते बघू. बंद पिशवीतली हवा सगळीकडे सारखाच दाब देते. अंग हवेवर तरंगत असेल तर पॅडमधला बाहेरच्या हवेपेक्षा जास्तीचा दाब गुणिले टेकलेलं क्षेत्रफळ बरोबर तुमचं वजन. ६० किलोचा माणूस म्हणजे साधारण ६०० न्यूटन. तो ३,००० चौरस सेंटिमीटरवर टेकला तर दाब २,००० पास्कल, म्हणजे फक्त १५ मिलिमीटर पारा. पॅड टम्म भरला की अंग वरच्या वर राहतं. टेकलेली जागा निम्म्यावर आली, तर दाब ३०.

एवढ्यावर भागलं असतं तर तक्रार नव्हती. पण हवेवर कापड आहे, आणि ताणलेलं कापड जिथे वाकतं तिथे स्वतःचा वेगळा दाब देतं. हा दाब म्हणजे कापडातला ताण भागिले वळणाची त्रिज्या. लाप्लासचा हा नियम साबणाच्या फुग्याला लागतो तसा इथेही लागतो. खुब्याचा उंचवटा टोकदार, त्रिज्या लहान, म्हणून तिथे जादा दाब मोठा. कमरेच्या खोलगटीत तर कापड अंगाला टेकतच नाही. म्हणजे आतली हवा सगळ्यांना समान न्याय देते आणि कापड खुब्याला वेगळी शिक्षा करतं! पॅड जितका टम्म, तितका ताण जास्त. बाजेची पायथ्याची दोरी नुकती ओढून घट्ट केली की तिच्यावर कुशीवर पडून बघा, म्हणजे कळेल. हवा थोडी सोडली की कापड सैलावतं, खुबा आणि खांदा आत जातात, कमरेलाही आधार मिळतो.

आत जायला मात्र खोली हवी. म्हणून कुशीवर झोपणाऱ्याने ८ ते १० सेंटिमीटर जाडीचा पॅड घ्यावा. दीड-दोन सेंटिमीटरच्या फोमवर खुबा थेट जमीन गाठतो. गुडघे दुमडून झोपत असाल तर रुंदीही ६० सेंटिमीटरच्या पुढची बघा. पॅड भरून कुशीवर पडा आणि झडप किंचित उघडा. सोबत्याला पॅडखाली, खुब्याच्या बरोबर खाली हात घालायला सांगा. हाड हाताला लागण्याआधी एक-दोन बोटं जाडी उरली की झडप बंद. उठून बसलात की बूड जमिनीला टेकेल. टेकू द्या.

खानदेशची थंडी इथे वेगळाच खोडा घालते. हिवाळ्यात धुळ्याचा पारा ५-६ अंशांवर आल्याच्या बातम्या असतात. सातपुड्यातही रात्री कडाक्याच्या. दुपारी ३० अंशांना भरलेली हवा रात्री १० अंशांवर आली की ३०३ केल्विनची २८३ होते, आणि आकारमान साडेसहा टक्क्यांनी घटतं. तोंडाने फुगवला असेल तर श्वासातल्या वाफेचंही आत पाणी होतं. म्हणून पॅड जुळवायचा तो अगदी झोपायच्या वेळी. शिवाय आत नुसती हवा असेल तर ती अंगाकडून जमिनीकडे उष्णता वाहून नेते. ही उष्णता पॅड किती अडवतो हे सांगणारी आर-व्हॅल्यू त्यावर छापलेली असते. २०१८ पासून ती मोजायचं एक सामाईक मानकही आहे. आपल्याकडच्या हिवाळ्याला २ ते ३ पुरे. ६ चा पॅड विकणाऱ्याला हिमालयाचा पत्ता द्या.

तंबूत कुणीतरी मोबाइलमधलं होकायंत्र काढून ‘उत्तरेला डोकं नको, रक्तातलं लोह खेचलं जातं’ म्हणतोच. हिमोग्लोबिनमधलं लोह खिळ्यासारखं चुंबकाला चिकटत नाही. एमआरआयचं क्षेत्र पृथ्वीच्या तीस हजार पटींहून जास्त असतं, त्यातूनही लोक धडधाकट बाहेर येतात. चुंबकाची गादी गळ्यात मारणाऱ्यांनाही हेच उत्तर. डोकं चढाकडे ठेवा, दिशा कुठलीही असो.

उशी मात्र मानेपासून खांद्याच्या टोकापर्यंतच्या अंतराइतकी उंच हवी, नाहीतर मान लटकते. कपड्यांची गुंडाळी करून चालते. आणि पॅडखाली जुनी फोमची मॅट अंथराच. दोन्हींच्या आर-व्हॅल्यूंची बेरीज होते हा एक फायदा; दुसरा असा की आपल्या माळावर सराटे आणि बाभळीचे काटे पावलोपावली, आणि एक काटा रुतला तर वरचं सगळं गणित पहाटेपर्यंत फुस्स.