पश्चिमेची काच आणि कोराडीची राख

भाच्याने नागपूरच्या बेसा भागात दोन हजार चौरस फुटांचा प्लॉट घेतला आणि परवा घराचा नकाशा माझ्यासमोर पसरला. रस्ता पश्चिमेला, म्हणून घराचं तोंड पश्चिमेला, आणि तोंड तिकडे म्हणून हॉलला जमिनीपासून छतापर्यंत काच. भिंती विटांच्या, नऊ इंची. वर साधा आरसीसी स्लॅब. मी त्या काचेवर बोट ठेवलं तर म्हणाला, "मामा, एसी लावूनच राहिलो ना आपण, मंग भिंतीचा एवढा विचार कायले?"

प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर द्यायला मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो आणि दुपार त्यातच गेली.

नव्या घरांनी ऊन किती आत घ्यावं याचा नियम आपल्याकडे आहे, हे त्याला ठाऊक नव्हतं. एसी-फ्रिजवर तारे देणारी ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी ही केंद्राची संस्था. तिने २०१८ च्या डिसेंबरात 'इको निवास संहिता' आणली. ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या प्लॉटवरच्या निवासी इमारतींसाठी ती लिहिली आहे. २०२२ मध्ये ऊर्जा संवर्धन कायद्यात दुरुस्ती झाली आणि मोठा वीजभार असलेल्या निवासी इमारतीही कायद्याच्या कक्षेत आल्या. भाच्याचा प्लॉट भरतो १८६ चौरस मीटर, म्हणजे त्याला यातलं काहीच बंधनकारक नाही. पण नियम लागू नसला तरी त्यामागचं गणित लागू असतंच, आणि ते समजायला इंजिनिअर असावं लागत नाही.

आधी छत. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक दिवसांत, रात्री अकराला वरच्या मजल्यावर पंखा लावला की तो छताजवळची तापलेली हवाच अंगावर ढकलतो, हे नागपूरकराला सांगायला नको. काँक्रीट दिवसभर उष्णता पितं आणि आपण झोपायला जातो तेव्हा ती खोलीत सोडतं. पदार्थांच्या थरांतून किती उष्णता पार होते ते यू-मूल्य सांगतं: आतल्या-बाहेरच्या तापमानात एका अंशाचा फरक असताना एका चौरस मीटरमधून किती वॅट उष्णता जाते, तो आकडा. सहा इंची उघड्या स्लॅबचा हा आकडा साडेतीनच्या आसपास असतो. संहिता म्हणते, छताचा १.२ पेक्षा जास्त नको.

बारा बाय बाराची खोली घ्या. छत सुमारे साडेतेरा चौरस मीटर. ऊन धरून वरच्या-खालच्या तापमानात २५ अंशांचा फरक मानला, तर उघड्या स्लॅबमधून सुमारे १२०० वॅट उष्णता खोलीत उतरते. १.२ च्या छतातून ४०० वॅट. एक टनाचा एसी साधारण ३५०० वॅट उष्णता बाहेर फेकतो, म्हणजे त्याची तिसऱ्या हिश्श्याची ताकद नुसत्या छताशी झगडण्यात जात होती. नेहमीचा विटांच्या तुकड्यांचा कोबा पाणी अडवतो, पण उष्णता फारशी अडवत नाही. चार इंची कोब्यानेही आकडा दोनच्या वरच राहतो. स्लॅबच्या वर फोमचा दीड-दोन इंची थर आणि त्यावर पांढरा चायना मोझॅक, म्हणजे फुटक्या टाइल्सचा थर, केला की काम होतं. थर वरूनच हवा. खालून लावला तर स्लॅब तापायचा तो तापतोच.

आता भिंती आणि खिडक्या. यांच्यासाठी संहितेत एकच आकडा आहे, आरईटीव्ही. भिंती आणि काचांमधून मिळून घराच्या कवचाच्या दर चौरस मीटरला सरासरी किती वॅट उष्णता आत येते, ते तो मोजतो. कमाल मर्यादा १५. नागपूर 'संमिश्र' हवामानात मोडतं, आणि त्यासाठीच्या सूत्रात भिंतीच्या पदाचा गुणक सुमारे ६ आहे, तर काचेतून थेट शिरणाऱ्या उन्हाच्या पदाचा सुमारे ६९! हे दोन आकडे शेजारी लिहिले तेव्हा भाचा पहिल्यांदा सरसावून बसला.

त्याच्या नकाशात काच भिंतींच्या चौथ्या हिश्श्याएवढी होती. दिशेचा बारीक गुणक बाजूला ठेवून ढोबळ हिशोब केला तर उत्तर आलं २४. तो म्हणाला, भिंत बदलू. नऊ इंची विटेच्या जागी आठ इंची एएसी ब्लॉक (हलका, सच्छिद्र ब्लॉक) धरला, १८ आले. मग वीट तशीच ठेवून काच १५ टक्क्यांवर आणली आणि खिडक्यांना बऱ्यापैकी छज्जे दिले, तरी साडेअठरा. दोन्ही केलं तेव्हा कुठे १२ आले. नुसत्या एका उपायाने पंधराच्या आत येता येत नाही, हे मलाही त्याच दुपारी कळलं.

विटेबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण इथे बऱ्याच जणांची गल्लत होते. नागपूरजवळच्या कोराडी आणि खापरखेड्याच्या वीज केंद्रांत कोळसा जळतो, राखेचे ढीग उरतात, आणि त्या राखेच्या विटा आपल्याकडे सर्रास मिळतात. त्या भट्टीत भाजाव्या लागत नाहीत, सुपीक मातीही वाचते. कार्बनच्या हिशोबात त्या चांगल्याच. पण राखेची वीटही भरीव असते आणि लाल विटेइतकीच उष्णता आत सोडते. तिचा यू दोनच्या वर. एएसी ब्लॉकमध्येही बहुधा हीच राख असते, फक्त मिश्रणात चिमूटभर ॲल्युमिनियमची भुकटी टाकतात. चुन्याशी तिची क्रिया होऊन हायड्रोजन सुटतो, मिश्रण इडलीच्या पिठासारखं फुगतं आणि आत असंख्य हवेचे पोकळ कप्पे राहतात. अडकलेली हवा उष्णता फारशी वाहून नेत नाही, म्हणून याचा यू ०.८ च्या आसपास. राख तीच, ऊन अडवते ती हवा.

काचेची दिशा हा माझा जिव्हाळ्याचा विषय, म्हणून इथे जरा थांबतो. नागपूर कर्कवृत्ताच्या थोडं दक्षिणेला, सुमारे २१ अंश अक्षांशावर. मेच्या अखेरीला दुपारचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो, त्यानंतर जुलैच्या मध्यापर्यंत दुपारी किंचित उत्तरेला झुकलेला असतो. म्हणजे कडक उन्हाळ्यात दक्षिणेच्या खिडकीत ऊन जवळपास शिरतच नाही, आणि डिसेंबरात सूर्य ४५ अंशांवर आला की छज्ज्याखालून हवंहवंसं ऊन आत येतं. दक्षिणेला दोन फुटांचा छज्जा पुरतो. पश्चिमेला मात्र चार-पाच वाजता सूर्य समोरून, डोळ्यांच्या रेषेत येतो. तिथे आडवा छज्जा कितीही लांब काढा, ऊन त्याच्या खालून घुसतं. पश्चिमेला उभे पट्टे, जाळी किंवा झाड हवं, आणि सगळ्यात सोपं म्हणजे काचच कमी हवी.

खिडकी उघडते किती, याचाही नियम आहे. आपल्या हवामानात उघडणारा भाग चटईक्षेत्राच्या किमान साडेबारा टक्के हवा. खोलीपुरतं बघितलं तर १२० चौरस फुटांना १५ चौरस फूट. पाच बाय चारची दोन पल्ल्यांची स्लायडिंग खिडकी दिसायला वीस फूट, उघडते दहाच. एक पल्ला कायम दुसऱ्याच्या मागे. बिजागरीची खिडकी पूर्ण उघडते. आणि नागपुरात हे कूलरसाठीही महत्त्वाचं. एक लिटर पाणी वाळताना सुमारे दोन-तृतीयांश युनिट एवढी उष्णता शोषतं, म्हणून मेच्या कोरड्या हवेत कूलर एवढ्या कमी विजेत एवढा गारवा देतो. पण ती ओलसर हवा समोरच्या खिडकीतून बाहेर गेली तरच. नाहीतर तासाभरात खोली चिकचिकते, आणि मग माणूस एसी घ्यायला निघतो.

कार्बनचं काय? आपल्या ग्रीडच्या एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड सुटतो. दीड टनाचा एसी रोज आठ तास, शंभर दिवस चालला आणि तासाला एक युनिटच्या थोडं वर वीज लागली, तर सुमारे ९०० युनिट, म्हणजे ६३० किलो. आता सिमेंट. चुनखडी भाजली की शंभर किलोतून ४४ किलो कार्बन डायऑक्साइड निघतोच, भट्टी कितीही सुधारा, इंधनाचा वेगळा. साध्या ओपीसीच्या (राख न मिसळलेल्या सिमेंटच्या) ५० किलोंच्या गोणीमागे सुमारे ४० किलो धरा. हजार फुटांच्या बांधकामाला साधारण ४०० गोण्या लागतात: १६ टन. त्या एका एसीचा पंचवीस वर्षांचा धूर कुलूप उघडण्याआधीच हवेत गेलेला! संहितेचा २०१८ चा भाग घराचं कवच मोजतो, हे सिमेंट मोजत नाही, आणि मला ती उणीव वाटते. राख मिसळलेलं पीपीसी वापरलं तर यातला चौथा हिस्सा तरी वाचू शकतो. पाणी मात्र जास्त दिवस मारावं लागतं, आणि ते बघायला घरचं माणूस साइटवर हवं.

संध्याकाळपर्यंत नकाशा बराच खोडला गेला. जिना आणि बाथरूम पश्चिमेला सरकले, कारण तिथे दुपारी कोणी बसत नाही. हॉल दक्षिणेला गेला. पश्चिमेची काच तीन फुटांची झाली आणि कुंपणाजवळचा कडुनिंब, जो पार्किंगसाठी तोडायचा होता, वाचला. एसी नकाशात अजून आहे. फक्त हॉलमधला दोन टनांचा खोडून भाच्याने तिथे पेन्सिलीने 'कूलर' लिहिलं आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं.