गच्चीवरचा गादीवाफा: खडी नको, उंची हवी

सांगली-मिरजेकडं कुठंही विचारा, गच्चीवर किंवा अंगणातल्या फरशीवर भाजीचा वाफा करायचा म्हटलं की सल्ला ठरलेला असतो. तळाला दोन इंच खडी टाका म्हणजे निचरा होईल आणि वर मळ्यातली काळी माती भरा. कृष्णाकाठच्या माणसाला काळ्या मातीवर शंका घ्यायची सवयच नसते. पण चार बाजूंनी बंद अशा पेटीत या दोन्ही गोष्टी मुळांच्या जिवावर उठतात, आणि त्याचं कारण भौतिकशास्त्रात आहे.

मातीच्या कणांमधल्या बारीक पोकळ्यांत पाणी नुसतं साठत नाही, ते धरून ठेवलं जातं. पोकळी जितकी अरुंद, तितकं पाणी गुरुत्वाकर्षणाच्या विरोधात उंच चढतं. याला केशाकर्षण म्हणतात, आणि इंग्रज शास्त्रज्ञ जेम्स जुरिननं १७१८ च्या सुमारास मांडलेला हा नियम आहे. एक मिलीमीटर व्यासाच्या नळीत पाणी साधारण ३ सेंटिमीटर चढतं. नळी दहापट बारीक केली तर ३० सेंटिमीटर. आता काळ्या मातीचा विचार करा. बेसॉल्ट खडक झिजून झालेली ही माती, तिच्यात फुगणाऱ्या चिकणमातीचं प्रमाण मोठं. भिजली की पोकळ्या आणखी मिटतात, वाळली की भेगा पडतात. अशी माती फूटभर उंचीच्या पेटीत भरली तर तळापासून वरपर्यंत ती पाण्यानं गच्च राहू शकते, आणि भोकं कितीही पाडली तरी ते पाणी खाली गळत नाही.

मग शेतात तीच माती सोनं कशी पिकवते? कारण तिथं खाली आणखी माती असते. वरच्या थरातलं पाणी खालचा कोरडा थर ओढून घेतो, तो त्याच्या खालच्याला देतो. पेटीत ही साखळी तळाशी तुटते. मातीच्या तळाला हवा लागली की पाणी तिथंच अडतं आणि तळाशी एक संपृक्त, म्हणजे पाण्यानं पूर्ण भरलेला थर कायमचा बसतो. खडी टाकली म्हणून हा थर जात नाही, फक्त खडीच्या उंचीइतका वर सरकतो. बारीक पोकळ्यांतलं पाणी खडीच्या मोठ्या पोकळीत उडी घ्यायला तयार नसतं. वरची माती ओथंबल्याशिवाय ते खाली उतरत नाही. म्हणजे दोन इंच खडी टाकून मुळांची दोन इंच जागा गेली आणि निचऱ्यात काहीच सुधारणा झाली नाही.

खात्री करायची तर भांडी घासायचा स्पंज घ्या. पूर्ण भिजवून आडवा धरा, गळायचं थांबेपर्यंत थांबा. मग तोच स्पंज उभा करा. पुन्हा पाणी गळायला लागेल. स्पंज तोच, पाणी तेच, फक्त उंची वाढली. ओल्या थराची जाडी पोकळ्यांच्या आकारावर ठरते, पेटीच्या उंचीवर नाही. म्हणून पेटी जितकी उंच, तितका त्या थराच्या वर मुळांना श्वास घ्यायला जास्त भाग मिळतो. शेतकरी हळद-आल्याला गादीवाफा, म्हणजे जमिनीपासून उंच केलेला वाफा करतात त्याच्यामागं हेच आहे.

श्वास हा शब्द इथं शब्दशः घ्यायचा. मुळांना ऑक्सिजन लागतो, आणि ऑक्सिजन पाण्यातून हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजारपट हळू पसरतो. ज्याला आपण वाफसा म्हणतो, ती अवस्था म्हणजे मोठ्या पोकळ्यांत हवा आणि बारीक पोकळ्यांत पाणी. मूठभर माती दाबून गोळा करावा, अंगठ्यानं टोचला की तो फुटला पाहिजे. नुसताच दबला तर पाणी देऊ नका, वरून कितीही कोरडं दिसलं तरी.

तेव्हा वाफ्यात भरायचं काय? माझ्या मते एक वाटा पोयटा किंवा गाळाची माती, एक वाटा पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट, आणि एक वाटा असं काहीतरी जे पोकळी टिकवून धरेल. शिराळा-पाटणकडं भाताचं तूस मिळतं. त्यात सिलिका भरपूर असल्यानं ते लवकर कुजत नाही. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, चालतं, पण त्यात मीठ असू शकतं, म्हणून धुऊन घ्यावं. गुऱ्हाळावरची चिपाडं फुकट मिळतात म्हणून कच्चीच मातीत मिसळायचा मोह होतो. तो टाळा. चिपाडात कार्बन फार आणि नायट्रोजन नगण्य. ते कुजवणारे जिवाणू आपल्या वाढीसाठी लागणारा नायट्रोजन मातीतून उचलतात आणि रोपं पिवळी पडतात. खत कमी पडलं असं वाटून माणूस युरिया आणायला धावतो. तीच चिपाडं किंवा उसाचं पाचट वरून आच्छादन म्हणून पसरा, मग हा त्रास जवळजवळ होत नाही, कारण कुजण्याची क्रिया फक्त पृष्ठभागापुरती राहते.

वजनाचा हिशेब मात्र लोक करत नाहीत, आणि इथं चूक महागात पडते. चार बाय दोन फुटांचा, फूटभर उंच वाफा म्हणजे ८ घनफूट, साधारण २२६ लिटर. ओली शेतातली माती भरली तर वजन ४०० किलोच्या घरात, म्हणजे दर चौरस मीटरला ५५० किलोच्या आसपास. आयएस ८७५ या भारतीय मानकात माणसांची ये-जा असलेल्या सपाट गच्चीसाठी धरलेला भार आहे चौरस मीटरला सुमारे १५० किलो. हलकं मिश्रण भरूनही आपण त्याच्या वर जातो. अंगणातल्या जमिनीवरच्या फरशीला काही होत नाही. पण गच्ची असेल, विशेषतः जुनी, तर वाफा स्लॅबच्या मधोमध न ठेवता भार पेलणाऱ्या भिंतीवर किंवा बीमवर घ्या आणि इंजिनिअरला दाखवा. शेजाऱ्यानं केलंय हा पुरावा नव्हे. पेटी विटांवर तीन-चार इंच उचलून ठेवली की खालचा कोबा वाळतो आणि गळती लवकर दिसते.

जागा ठरवताना सूर्य पाहा. सांगली साधारण १६.८५ अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळं मे आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यांत दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो आणि मधल्या काळात दुपारचा सूर्य चक्क उत्तरेला असतो. डिसेंबरात तो दक्षिणेला कलतो, दुपारी जेमतेम ५० अंशांवर. त्या वेळी दक्षिणेकडच्या तीन फुटी कठड्याची सावली अडीच फूट आत येते. मेथी, पालक, कोथिंबीर नेमकी याच दिवसांतली, म्हणून वाफा दक्षिण कठड्याला चिकटवू नये.

उन्हाळ्यात वाफ्यातून दिवसाला ७-८ मिलीमीटर पाणी उडून जाणं काही विशेष नाही. एक मिलीमीटर म्हणजे चौरस मीटरला एक लिटर, तेव्हा आपल्या वाफ्याला रोज पाच-सहा लिटर. पाचटाचं आच्छादन असेल तर बरंच कमी. सकाळी एकदाच, पण पुरतं पाणी द्यावं. रोज शिंपडा मारला तर मुळं वरच राहतात.

पाणी उडतं तेव्हा त्यातले क्षार मागं राहतात. बोअरचं पाणी वापरणाऱ्यांच्या कुंड्यांवर पांढरी पापुद्री धरते ती हीच. खालचं पाणी त्याच केशाकर्षणानं वर येतं, उडून जातं, मीठ वर साठतं. कृष्णाकाठी वाळवा-मिरजेकडं उसाला वर्षानुवर्षं भरपूर पाणी देऊन हजारो एकर जमीन क्षारपड झाली, ती या साध्या क्रियेनं. शेतकऱ्यांना तिथं जमिनीखाली सच्छिद्र पाइप घालून निचरा करावा लागतो. आपलं काम सोपं आहे. दीड-दोन महिन्यांनी एकदा तळाच्या भोकांतून पाणी वाहीपर्यंत वाफा भिजवायचा. पावसाळ्यात तर हे आपोआप होतं, फक्त भोकं तुंबलेली नाहीत ना एवढं जूनच्या आधी काडी घालून पाहावं. भोकांवर शेडनेटचा तुकडा टाकला तर माती वाहून जात नाही.

वाफा जमला आहे की नाही हे बघायचं असेल तर हळद लावा. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण परीक्षा म्हणून ती मला आवडते ती वेगळ्या कारणासाठी: कंद तळाशी ओल राहिली तर कुजतो, आणि ते लपून राहत नाही. पानं खालून पिवळी पडू लागली, खोड ओढलं की सहज हातात आलं, तर समजावं की मिश्रणात पोकळ्या कमी आहेत. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास लावलेली हळद जानेवारी-फेब्रुवारीत निघते. तोवर सेंद्रिय भाग कुजून कार्बन डायऑक्साइडच्या रूपात हवेत गेलेला असतो आणि वाफा दोन-तीन इंच खाली बसलेला दिसतो. माती कुठं गेली म्हणून घाबरू नये. कंद काढल्यावर तेवढंच कंपोस्ट आणि तूस घालून, मुठीत गोळा करून पाहून, लगेच भेंडी-गवारीचं बी टाकता येतं.