हिरवा चहा आणि इन्फ्लुएंझा प्रतिबंध

चहाची पाने खुडल्यावर लगेच वाफवून किंवा कढईत परतून वाळवली की हिरवा चहा तयार होतो. उष्णतेमुळे पानांचे ऑक्सिडीकरण थांबते आणि कॅटेचिन वर्गातील तुरट पॉलिफेनॉले टिकून राहतात. काळ्या चहात ती बरीचशी बदलून जातात. या द्रव्यांमुळे फ्लू टळतो का, याचा सर्वाधिक अभ्यास जपानमध्ये झाला आहे. घरोघरी आधणात पडणारा गवती चहा ही वेगळीच वनस्पती असल्याने हे निष्कर्ष त्याला लागू होत नाहीत.

प्रयोगशाळेतला पुरावा भक्कम आहे. चहाची पॉलिफेनॉले विषाणूला चिकटतात आणि त्याला पेशीवर पकड घेऊ देत नाहीत, हे १९९३ मध्ये दाखवले गेले. त्यांतील एपिगॅलोकॅटेचिन गॅलेट (ईजीसीजी) सर्वांत प्रभावी द्रव्यांपैकी एक ठरले. मात्र काचपात्रात वापरतात तेवढे ईजीसीजी कपभर चहा पिऊन रक्तात कधीच पोहोचत नाही. विषाणू घशात असतानाच त्याला गाठावे, या विचारातून गुळण्यांचे प्रयोग सुरू झाले.

माणसांवरील प्रयोगांत जपानमधील शिझुओका या चहाच्या प्रांतातील एक प्रयोग नीट पाहण्याजोगा आहे. २००९-१० च्या हिवाळ्यात तेथील आरोग्यसेवकांपैकी काहींना पाच महिने रोज ३७८ मिलिग्रॅम कॅटेचिने आणि २१० मिलिग्रॅम थिॲनिन (चहातील एक अमिनो आम्ल) असलेल्या कॅप्सूल दिल्या, इतरांना तशाच दिसणाऱ्या निष्क्रिय कॅप्सूल. लक्षणांवरून ठरवलेला फ्लू पहिल्या गटात ९८ पैकी ४ जणांना झाला, दुसऱ्यात ९९ पैकी १३ जणांना. हा फरक ठळक आहे. पण चाचणीने निदान पक्के झालेले रुग्ण अनुक्रमे फक्त १ आणि ५ होते आणि एवढ्या थोड्या आकड्यांवरून योगायोगाची शक्यता नाकारता येत नाही. शिवाय कॅप्सूलमध्ये दोन द्रव्ये एकत्र असल्याने श्रेय कोणाला द्यायचे, हेही ठरत नाही. लक्षणांचा आकडा तेवढा उचलून ‘ग्रीन टीने फ्लू टळतो’ असे सांगणे वाचकाची दिशाभूल करणारे आहे.

त्याच प्रांतातील माध्यमिक शाळांत सातशेहून अधिक विद्यार्थ्यांनी एका हिवाळ्यात चहाच्या किंवा साध्या पाण्याच्या गुळण्या केल्या. फ्लूचे प्रमाण अनुक्रमे ४.९ आणि ६.९ टक्के निघाले. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर उतरला नाही.

त्यामुळे हिरवा चहा लसीची जागा घेऊ शकत नाही. वृद्ध, गरोदर स्त्रिया आणि दम्याच्या वा मधुमेहाच्या रुग्णांनी चहाच्या भरवशावर लस टाळणे धोक्याचे आहे.

चहा पेय म्हणून बहुतेकांना निर्धोक असला, तरी अर्काच्या गोळ्यांबाबत सावधगिरी हवी. रोज ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक ईजीसीजी पूरक गोळ्यांतून घेतल्यास यकृताला इजा होऊ शकते, असा इशारा युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये दिला. जेवणासोबत घेतलेला चहा अन्नातील लोहाचे शोषण कमी करतो, म्हणून रक्तक्षय असलेल्यांनी तो जेवणानंतर तासाभराने घ्यावा.