नव्या फिश टँकची अडकलेली सायकल

माशांच्या कल्ल्यांतून, विष्ठेतून आणि तळाशी सडणाऱ्या खाण्यातून अमोनिया सुटतो, काही बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट करतात, दुसरे बॅक्टेरिया त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात, आणि हे सगळे फिल्टरमध्ये नीट वसले की टँक सायकल झाला असं म्हणतात. गोड्या पाण्याच्या नव्या टँकला याला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. तेवढे दिवस उलटूनही अमोनिया किंवा नायट्राइट उतरत नसेल तर सायकल अडकली. पुण्यात याची कारणं बरीचशी ठरलेली आहेत आणि त्यातलं सगळ्यात मोठं कारण पाण्यातच असतं, पण लोक ते सोडून बाकी सगळं तपासतात.

दुकानात सांगतात, "पाणी दोन-तीन दिवस मुरू द्या, मग मासे टाका." दोन-तीन दिवसांत पाण्यातला क्लोरीन उडून जातो, एवढाच त्याचा उपयोग. मुरायला हवा तो फिल्टर, कारण हे बॅक्टेरिया पाण्यात तरंगत नाहीत, स्पंजला, रिंगांना, वाळूला चिकटून राहतात. म्हणून मित्राच्या जुन्या टँकचं बादलीभर पाणी आणून काही होत नाही, त्याच्या फिल्टरचा मळका स्पंज हाताएवढा कापून आणला तर मात्र आठवडे वाचतात. अमोनियावर जगणारे हे जीव सर्गेई विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास वेगळे करून दाखवले. नायट्राइटचं काम नायट्रोबॅक्टर करतो असं नंतर बरीच वर्षं धरून चालले होते, पण १९९८ मध्ये गोड्या पाण्याच्या टँकमध्ये ते मुख्यतः नायट्रोस्पिरा जातीचे बॅक्टेरिया करतात असं दिसलं. हे सगळे वाढायला फार हळू. साधे सडवणारे बॅक्टेरिया अर्ध्या तासात दुप्पट होऊ शकतात, यांना त्यासाठी अर्धा दिवस ते एक दिवस किंवा जास्तही लागतो. पहिल्या आठवड्यात पाणी दुधासारखं पांढुरकं होतं ते त्या साध्या बॅक्टेरियामुळे, ते बघून सायकल सुरू झाली असं समजू नका आणि घाबरून सगळं पाणीही बदलू नका.

आधी सायकल खरंच अडकलीय का ते बघा. तिसऱ्या आठवड्यात नायट्राइट वर जाऊन तिथेच बसणं हे अगदी नॉर्मल आहे, दुसरा टप्पा पहिल्यापेक्षा उशिरा पकडतो. टँकमध्ये भरपूर झाडं असतील तर ती अमोनिया थेट शोषून घेतात आणि नायट्राइट कधी दिसतच नाही, तरी सगळं ठीक असतं. टेस्ट किटही फसवतं. नायट्रेटची बाटली जोरात आणि बराच वेळ हलवली नाही तर रीडिंग शून्यही येऊ शकतं, आणि पाण्यात नायट्राइट असेल तर नायट्रेटचं रीडिंग उगाच जास्त दिसतं कारण ती टेस्ट नायट्रेटचं आधी नायट्राइट करून मगच रंग दाखवते. नायट्राइटचा रंग किटच्या शेवटच्या पट्टीवर अडकला असेल तर आकडा ५ आहे की २५ हे कळायला मार्ग नाही, अशा वेळी इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर घ्या, १ मिली टँकचं पाणी आणि ४ मिली ते, मिसळून टेस्ट करा आणि आलेल्या आकड्याला ५ ने गुणा. पुष्कळ जणांची "महिनाभर काहीच हललं नाही" ही तक्रार इथेच मिटते, आकडा रोज उतरत असतो पण किटला दिसत नसतो.

आता मुख्य गोष्ट, पीएच (आकडा जितका कमी तितकं पाणी आम्ल) आणि केएच. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या धरणांत सह्याद्रीच्या पावसाचं पाणी साठतं, त्यात क्षार कमी असतात, म्हणून पुण्याच्या नळाचं पाणी तसं मऊ. माणसांना ते छानच, पण सायकल होताना बॅक्टेरिया आम्ल तयार करतात आणि ते आम्ल झेलायला पाण्यात कार्बोनेट लागतात, ज्याला आपण केएच म्हणतो. १ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन खपताना कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबाने जवळपास ७ मिलिग्रॅम क्षारता खर्च होते, म्हणजे मासे आणण्याआधी सायकलसाठी बाहेरून टाकतात तो अमोनियाचा २ पीपीएमचा (लिटरला २ मिलिग्रॅम) एक डोस खपला की केएच साधारण पाऊण डिग्री उतरतो. मुळात केएच २ असेल तर तीन डोसमध्ये खडखडाट. मग पीएच घसरतो, ६.५ च्या खाली काम मंदावतं आणि ६ च्या आसपास जवळजवळ थांबतं. बॅक्टेरिया मेलेले नसतात, थांबलेले असतात. आपण मात्र अमोनिया उतरत नाही म्हणून बॅक्टेरियाची नवीन बाटली आणून ओततो.

आरओचं पाणी भरणाऱ्यांची तर पहिल्या दिवसापासून हीच गत, "माशांना पण शुद्ध पाणी" या प्रेमापोटी घरातल्या प्युरिफायरचं पाणी टँकमध्ये जातं आणि त्यात केएच जवळजवळ नसतोच, शिवाय फॉस्फेटही नसतं जे बॅक्टेरियाला थोडंसं लागतं, त्यासाठी चिमूटभर फिश फूड टाकलं तरी पुरतं. वाघोली, उंड्रीकडच्या सोसायट्यांत टँकर किंवा बोअरचं पाणी येतं ते मात्र बहुतेक वेळा कडक असतं, तिथे हा प्रॉब्लेम क्वचित येतो, पण त्या पाण्यात आधीपासून नायट्रेट असू शकतं म्हणून पहिली टेस्ट टँकची न करता नळाची करा.

उपाय स्वयंपाकघरात आहे. खाण्याचा सोडा ५० लिटरला ६ ग्रॅम, म्हणजे साधारण एक चहाचा चमचा, टाकला की केएच ४ डिग्रीने वाढतो. कायमस्वरूपी हवं असेल तर फिल्टरमध्ये मूठभर संगमरवराची चिप किंवा शिंपल्यांचे तुकडे जाळीत बांधून ठेवा. पण टँकमध्ये आधीच मासे असतील तर एकदम सोडा टाकू नका, हे मी दहा वेळा सांगेन. पीएच ७ ला २५ अंशांवर एकूण अमोनियापैकी एक टक्क्याहून कमी विषारी रूपात असतो, पीएच ८ ला तोच ५ टक्क्यांच्या आसपास जातो. अडकलेल्या आम्ल पाण्यात अमोनिया ४ पीपीएम असूनही मासे तगलेले असतात, आपण मदत म्हणून सोडा टाकतो आणि सकाळी मासे वर तरंगताना दिसतात. आधी ३-४ दिवस थोडं थोडं पाणी बदलून अमोनिया खाली आणा, मग केएच हळूहळू वाढवा.

क्लोरीनचं म्हणाल तर पुण्यात गुरुवारचा हिशेब ठेवावा लागतो. त्या दिवशी देखभालीसाठी पाणी बंद असलं की शुक्रवारी सकाळी उशिरा आणि कमी दाबाने येतं आणि बऱ्याचदा गढूळ असतं, ते थेट टँकमध्ये घेऊ नये, रात्रभर एअरस्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) लावून ठेवावं किंवा अँटी-क्लोरीन टाकावं. फिल्टरचा स्पंज नळाखाली चोळून धुणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक, महिन्याची कमाई पाच मिनिटांत जाते. टँकमधून काढलेल्याच पाण्यात दोनदा पिळा, बस. लाइट बरेच तास जाणार असेल तर कॅनिस्टर फिल्टरमध्ये (टँकबाहेरचा बंद डब्याचा फिल्टर) ऑक्सिजन संपतो, त्यामुळे बॅटरीवर चालणारा एअर पंप आणि साधा स्पंज फिल्टर घरात असावाच.

थंडीचंही विसरतात. डिसेंबर-जानेवारीत शिवाजीनगरचा पारा १० च्या आसपास उतरतो तेव्हा खिडकीजवळच्या टँकचं पाणी २० च्या खाली जाऊ शकतं, आणि या बॅक्टेरियाला २५ ते ३० अंश आवडतं. दिवाळीनंतर सुरू केलेला टँक संक्रांतीपर्यंत रेंगाळतो तो बऱ्याचदा एवढ्यानेच. लिटरला साधारण १ वॉट या हिशेबाने हीटर लावा, मासे नसले तरी.

अमोनिया कोणता टाकता आणि किती, हेही बघा. काही जण नवसागर वापरतात, तो अमोनियम क्लोराइडच, पण कल्हईसाठी मिळतो तो शुद्ध असेलच असं नाही, लॅब ग्रेडचा घ्या. २ पीपीएमसाठी १०० लिटरला साधारण ०.६ ग्रॅम पुरतो. डाळीत मीठ टाकल्यासारखा अंदाजाने टाकला तर ५ पीपीएमच्या वर जातो आणि बॅक्टेरियालाच त्रास होतो, अशा वेळी अर्धं पाणी बदलायला अजिबात कचरू नका, बॅक्टेरिया पाण्याबरोबर जात नाहीत. नव्या टँकमध्ये "खबरदारी म्हणून" निळं औषध, म्हणजे मिथिलीन ब्लू, टाकायची पद्धत बंद व्हायला हवी असं माझं स्पष्ट मत आहे, ते आणि अँटिबायोटिक दोन्ही या बॅक्टेरियाला मारक ठरू शकतात.

बाटलीतल्या बॅक्टेरियाबद्दल लोक दोन टोकांना असतात. चांगली बाटली खरंच काम करते, पण एप्रिल-मेमध्ये काचेच्या शोकेसमध्ये तापलेली बाटली जिवंत असेल याची खात्री नाही, आणि काही बाटल्यांत नुसते घाण कुजवणारे बॅक्टेरिया असतात, ते नायट्राइटला हात लावत नाहीत. मुलांच्या हट्टापायी गोल्डफिश आधीच घरात आला असेल तर त्याला एक दिवसाआड चिमूटभर खायला द्या, रोज तिसरा हिस्सा पाणी बदला, आणि नायट्राइट चढलेलं असेल तर थोडं खडेमीठ टाका, मिठातलं क्लोराइड कल्ल्यांतून नायट्राइट आत शिरू देत नाही.

२ पीपीएम अमोनिया टाकल्यावर २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य, आणि सलग दोन-तीन दिवस तसंच, असं झालं की सायकल झाली. मग साठलेलं नायट्रेट घालवायला अर्ध्याहून जास्त पाणी बदलायचं, केएच पुन्हा मोजायचा आणि एक-दोन दिवसांत मासे आणायचे. तेवढं जमत नसेल तर रोज थोडा अमोनिया चालू ठेवायचा, कारण खायला काही मिळालं नाही तर फिल्टरमधलं काम पुन्हा हळूहळू मंदावायला लागतं.